हातात नसलेला माल

बहिणीचा फोन आला तेव्हा माझ्याकडे त्या कंपनीचा एकही शेअर उरलेला नव्हता. थोड्याच वेळापूर्वी मी माझे सगळे विकून टाकले होते. तिने विचारलं, "दादा, ठेवू का विकू?" मी म्हणालो, "ठेव." हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मुळात मी न बोलणारा माणूस. रोह्याला राहतो, धाटावच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर आहे. पन्नाशी ओलांडली. कंपनीच्या बसमध्ये खिडकी धरून बसलो की धाटाव येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. फक्त शेअरबाजाराचा विषय निघाला की मी निराळाच होतो. आवाज चढतो, हात हलायला लागतात. पुढे काय झालं ते सगळं ठाऊक असूनही, आज हे लिहिताना त्या दिवसांच्या आठवणीने छातीत धडधडतंय. लाज वाटते त्याची, पण धडधडतंय ते धडधडतंय.

आम्ही मूळचे पेणचे. धाकटी बहीण जवळच हमरापूरला दिली. तिचा आणि भावोजींचा गणपतीचा कारखाना आहे. होता, असं म्हणायला हवं. भाड्याची शेड, पत्र्याचं छप्पर, एका बाजूला साचे, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कच्च्या मूर्तींच्या रांगा. भावोजी ओतकाम आणि रंगाचा पंप बघायचे, डोळ्यांची आखणी बहिणीची. चतुर्थीच्या आधी आठवडाभर मी रजा टाकून जायचो. मला रंगातलं काही कळत नाही. गवतात मूर्ती बांधून टेम्पोत चढवायचं काम माझं.

त्या वर्षी चतुर्थी चार-पाच दिवसांवर आली होती. रस्त्यात टेम्पोला टेम्पो लागलेले. अशात घामाने थबथबलेला एक व्यापारी शेडमध्ये शिरला.

"ताई, दीड फुटी बैठी मूर्ती. किती आहेत?"

"हायेत त्या सगल्या गेल्यात," बहीण ब्रश न थांबवता म्हणाली.

"तीस तरी द्या. वीस द्या. भाव तुम्ही सांगा."

गोष्ट अशी होती की या माणसाने ठाण्याकडे मंडप टाकून, फोनमधले फोटो दाखवून, लोकांकडून आगाऊ बुकिंग घेतलं होतं. मूर्ती त्याच्याकडे नव्हत्या. शेवटच्या आठवड्यात उरलासुरला माल स्वस्तात मिळतो, तो उचलायचा आणि मधला फरक खिशात घालायचा, असा त्याचा हिशेब. त्या वर्षी नेमका माल कमी पडला. आणि घरोघरी गणपती तर बसणारच होते. ज्यांनी पैसे भरलेत ते त्याच्या मंडपाबाहेर उभे राहणार होते.

तो आमच्याकडून पुढच्या शेडमध्ये गेला, तिथून त्याच्या पुढच्या. तो पोचायच्या आधी पुढच्या शेडमध्ये फोन पोचत होते. भावोजी दारात उभे राहून हसत होते.

"बघा दादा, पहिल्या कारखान्यात निराला भाव होता, आमच्याकडं आला तवा निराला. आता पुढं जाईल तर त्याची पँटपन ठेवून घेतील!"

"गप बसा वो, रडायला आलाय बिचारा," बहीण म्हणाली, आणि स्वतःच खुदकन हसली. शेवटी तिने आतल्या खोलीतून सात मूर्ती काढून दिल्या. कोणासाठी तरी राखलेल्या होत्या. तिने मागितले तेवढे पैसे त्याने मोजले आणि वर पाया पडला.

मी गवताची पेंढी हातात घेऊन उभा होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता. गेले कित्येक महिने फोनवर जे वाचत होतो, ते माझ्यासमोर घामाने भिजून उभं राहिलं होतं. हातात नसलेला माल विकून बसलेला माणूस!

शेअरबाजारात हे रोज चालतं. त्याला शॉर्ट करणं म्हणतात. एखाद्या कंपनीचा भाव पडणार असं वाटलं, तर आपल्याकडे नसलेले तिचे शेअर आधी विकायचे आणि पडल्यावर स्वस्तात घेऊन फेडायचे. बाहेरच्या देशांत त्यासाठी शेअर उसने घेतात. आपल्याकडे बहुतेक काम महिनाअखेरीच्या मुदतीचा करार करून होतं. शेअर विकत घेणाऱ्याचे फार तर घातलेले पैसे बुडतात. विकून बसलेल्याचं तसं नाही. भाव वर किती जाईल याला मर्यादा नाही, त्यामुळे त्याचं नुकसान कुठे थांबेल तेही सांगता येत नाही. मग तो घाबरतो आणि मिळेल त्या भावात घ्यायला धावतो. त्याच्या धावण्याने भाव आणखी चढतो, तो बघून दुसरा धावतो.

असे विकलेले आणि अजून परत न घेतलेले शेअर एकूण किती, तो आकडा म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट. नुसता आकडा बघून काही कळत नाही. बाजारात फिरणारे शेअर किती, त्यातले रोज हात बदलतात किती, याच्याशी तो ताडून बघायचा. शंभर मूर्ती द्यायच्या आहेत आणि बाजारात रोज शंभर येताहेत, तर व्यापारी शांत झोपेल. रोज पाचच येत असतील तर तो हमरापूरच्या रस्त्यावर पळत सुटेल.

गणपती गेले. नवरात्रात मी पुन्हा हमरापूरला गेलो तो एका कंपनीचं नाव घेऊनच. ते नाव इथे नको. मध्यम आकाराची कंपनी होती आणि तिचा भाव कितीतरी दिवस पडत होता. आपल्याकडे शॉर्टचा आकडा सरळ वाचायला मिळत नाही, अंदाज बांधावा लागतो. भाव पडत असताना मुदतीचे उभे सौदे, म्हणजे अजून न मिटलेले करार, वाढत गेले, तर विकणारे नव्याने येताहेत असं धरतात. भाव चढताना उभे सौदे घटले, तर विकलेले लोक परत घेऊन सुटताहेत. या कंपनीत उभे सौदे वाढत वाढत असे साठले होते की माझी झोप उडाली.

खरं तर उभ्या सौद्यात जसा एक विकणारा असतो तसा एक घेणाराही असतो, म्हणजे तो आकडा सगळाच्या सगळा शॉर्टचा नसतो. हे मला ठाऊक होतं. मी बहिणीला आणि भावोजींना ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोष्टीतली गंमत गेली असती.

शेडमध्ये पुढच्या वर्षाचं पहिलं ओतकाम निघालं होतं. मी वाळत ठेवलेल्या मूर्तींकडे बोट दाखवून समजावत होतो. माझ्या आयुष्यात माझं इतकं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे दादा," बहीण म्हणाली, "हे जे भाव पाडतायत ते आपले दुश्मन नायत. उद्याची गिऱ्हाइकंच हायत आपली!"

"व्हय गो! अगदी तेच!" मी ओरडलोच. एवढ्या थोडक्यात मलाही सांगता आलं नव्हतं.

"आणि त्यांना यावंच लागंल?"

"मुदत ठरलेली असते. महिनाअखेर. मुदतीपर्यंत सौदा उभा ठेवला तर खरे शेअर आणून द्यावे लागतात."

भावोजींनी मांडीवर थाप मारली. "मग झालं तर! चतुर्थी काय कोन पुढं ढकलतो काय?"

आम्ही तिघंही हसलो. ती चूक आमच्यासारख्यांनीच करावी अशी होती. ज्यांचं सगळं वर्ष एका तारखेवर उभं, त्यांना मुदत म्हणजे मुदत. त्या दिवशी मूर्ती घरात नसेल तर पुढच्या महिन्यात आणू, असं कोणी म्हणू शकत नाही. सगळ्या जगातल्या मुदती तशाच असतात, असं आम्ही धरून चाललो.

त्यांच्याकडे त्या हंगामाचे पैसे होते. त्यातूनच पुढच्या वर्षाचं प्लास्टर यायचं, रंग यायचे, नवे रबरी साचे यायचे, शेडचं भाडं जायचं. पण बहिणीच्या मनात बरेच दिवस एक होतं. स्वतःची शेड. रस्त्यालगतची एक जागा तिने बघूनही ठेवली होती. मालकाने दर चतुर्थीनंतर भाडं वाढवायचं आणि आपण मान डोलवायची, याचा तिला कंटाळा आला होता. हे जमलं तर जागेचं पहिलं देणं निघणार होतं. फसलं तर पुढच्या हंगामाला प्लास्टरची गोणीही येणार नव्हती. तिघांनाही ते कळत होतं. भावोजी थोडे रेंगाळले. बहीण म्हणाली, "दादा उगाच बोलायचा नाय. तो बोलतोच कुठं कधी!"

माझ्या गप्प राहण्याचीच तिला खात्री वाटली.

आम्ही शेअर घेतले. मी माझ्या शिलकीतून, त्यांनी हंगामाच्या पैशांतून. फोनवर त्यांचं खातं मीच उघडून दिलं होतं.

पहिले काही दिवस काही हललं नाही. मग एका दुपारी हललं.

कारखान्यात आत फोन न्यायला बंदी असते, गेटवर जमा करावा लागतो. पहिली पाळी तीनला सुटायची आणि बाजार साडेतीनला बंद. त्या अर्ध्या तासासाठी मी जगत होतो म्हटलं तरी चालेल. भोंगा झाला की पंच करायचं, गेटवरच्या खोलीतून फोन घ्यायचा आणि समोरच्या चहाच्या टपरीमागे, जिथे रेंज बरी असते तिथे उभं राहायचं. त्या दुपारी स्क्रीन उघडली आणि भाव असा वर होता की मला वाटलं मी भलतीच कंपनी बघतोय. उभे सौदे घटले होते. भाव वर आणि सौदे खाली. व्यापारी धावायला लागले होते!

मी हमरापूरला फोन लावला.

"भावोजी, आले! आले ते!"

"कोन आले?"

"अहो व्यापारी! टेम्पो घेऊन आले!"

पलीकडे एकदम गलका झाला. भावोजींनी शेडमध्ये आरोळी ठोकली, बहिणीने फोन ओढून घेतला. "खरं सांगतोस? माझी शप्पथ?" मागून भावोजींचा आवाज, "आता ग्वाड काय तरी कर गो!" मी टपरीमागे उभा राहून एकटाच हसत होतो. चहावाल्याने विचारलं, "पोरगा झाला का काय या वयात?"

दुसऱ्या दिवशी आणखी चढला. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली आला आणि दुपारी दुप्पट जोराने वर गेला. मी आत गेजकडे बघायचो आणि वाफेच्या दाबाचा काटा चढला तरी मनात शेअरचा भाव यायचा. घरी जेवताना बायको म्हणायची, "कशाला हसताय?" मी म्हणायचो, "कुठे काय." रोज भावोजींचा फोन यायचा आणि रोज शेड थोडी मोठी व्हायची. आधी पत्र्याची, मग स्लॅबची, मग वर एक खोली, दादा आले की झोपायला. बहीण म्हणायची, "तुला खिडकीबी ठेवते. गप बसून बाहेर बघायला."

मुदतीला तीन-चार दिवस उरले होते. त्या दुपारी फोन घेतला तेव्हा भाव वरच होता, आदल्या दिवसापेक्षाही वर. पण चढायचा थांबला होता. मी सहज पुढच्या महिन्याच्या सौद्यांचं पान उघडलं. आजवर ते बघायचं मला सुचलंच नव्हतं. या महिन्याचे सौदे जितके घटले होते, जवळपास तितकेच पुढच्या महिन्यात वाढले होते.

दोन्ही पानं मी पुन्हा पुन्हा ताडून बघितली. सगळे व्यापारी धावले नव्हते. थोडे घाबरून सुटले, बाकीच्यांनी या महिन्याचा सौदा मिटवून पुढच्या महिन्याचा उभा केला. त्यांनी मुदत पुढे ढकलली होती. बाजारात ती ढकलता येते, त्यात लपवाछपवी काही नसते, रोज आकड्यांत दिसतं. फक्त बघावं लागतं.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. एवढे लोक, तेही मोठ्या भांडवलाचे, या कंपनीवर उलटे का बसलेत? मी फक्त किती जण बसलेत ते मोजलं होतं. कंपनीने बाजाराला दिलेल्या सूचना उघडल्या. जुनीच एक सूचना होती, दोन-तीन ओळींची. कंपनीचे हिशेब तपासणाऱ्या ऑडिटरने नेमणूक संपायच्या आधीच काम सोडलं होतं. कारण, वैयक्तिक. ती ओळ मी महिनाभर आधी बघितली होती आणि अंगठ्याने वर सरकवली होती. हमरापूरच्या त्या व्यापाऱ्याला मूर्तींबद्दल काहीच वाकडं वाटत नव्हतं, त्याला फक्त स्वस्तात हव्या होत्या. या लोकांना मालच किडका वाटत होता. शॉर्ट इंटरेस्ट मोठा असला की भडका उडू शकतो हे खरं. पण आधी तो काय सांगत असतो? की कोणीतरी बारकाईने बघितलंय आणि त्याला काहीतरी आवडलेलं नाही. चूक त्यांचीही असू शकते. पण त्यांचं कारण न वाचता नुसत्या त्यांच्या घबराटीवर पैसे लावणं म्हणजे काय, ते मला टपरीमागे उभं असताना समजलं.

बाजार बंद व्हायला थोडा वेळ होता. मी माझे सगळे शेअर विकले. चांगला भाव आला. आणि खरं सांगतो, भीतीच्या जोडीला आनंदही होता. मी बरोबर वाचलं, वेळेत वाचलं, असा.

तेवढ्यात बहिणीचा फोन.

"दादा, हे म्हनतात निम्मे तरी विकूया. मला काय कलत नाय. ठेवू का विकू?"

अजून वेळ होता. 'विक' एवढं म्हणायला किती लागतं?

मी का म्हणालो नाही, याची बरीच कारणं मी स्वतःला देऊन बघितली आहेत. घाईत होतो, बस सुटत होती, मला तरी कुठे पक्कं ठाऊक होतं. सगळी खोटी. 'विक' म्हटलं असतं तर तिने 'का' विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं की वाळत्या मूर्तींसमोर हात हलवत मी जे समजावलं ते अर्धवट होतं, की मुदत ढकलता येते आणि मला ते माहीत नव्हतं. आयुष्यात एकदाच माझं म्हणणं कोणीतरी कान देऊन ऐकलं होतं. ते मोडायला मी तयार नव्हतो. आणि आत आत असंही होतं की कदाचित माझी गोष्ट खरी ठरेल, व्यापारी धावत येतीलही. ते बघायची हौस मला होती, फक्त माझे पैसे तिथे नको होते. तिचे होते.

"ठेव," मी म्हणालो. "ते धावत येनारच."

"मग ठेवते," ती म्हणाली. हसून म्हणाली.

मुदत संपली. कोणी धावत आलं नाही. पुढच्या महिन्यात भाव रोज थोडा थोडा उतरला, मग एके दिवशी कंपनीच्या हिशेबाची बातमी आली आणि धाडकन कोसळला. त्यांनी विकले तेव्हा हातात आलं त्यात प्लास्टरची एक गाडीही भरली नसती. शेड सोडावी लागली. साचे शेजारच्याने घेतले. भावोजी आता डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला जातात. बहीण दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर आखणी करते.

कोसळल्यावरच्या रविवारी मी हमरापूरला गेलो होतो. दोघं मला शिव्या घालतील अशा तयारीने गेलो. भावोजी ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "या दादा. तुमच्या व्यापाऱ्याची एसटी चुकली वाटतं!" आणि त्या अवस्थेतही हसले. बहिणीने पाणी आणलं, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुझेपन गेले ना रे? जीवाला लावून घेऊ नको. तू काय मुद्दाम केलंस?"

मी मान हलवली. कुठल्या प्रश्नाला हलवली ते तिने विचारलं नाही. निघताना तिने पोह्याच्या पापडांची पिशवी हातात दिली. वहिनीला दे म्हणाली.

माझे पैसे बँकेत आहेत. मी त्यातला एक रुपया खर्च केलेला नाही, पण यात चांगुलपणा काही नाही. खर्च केला तर बायको विचारेल कुठून आले, म्हणून.

आजही पाळी सुटली की मी टपरीमागे जाऊन स्क्रीन उघडतो. आता विकत काही घेत नाही. एखाद्या कंपनीत उभे सौदे साठलेले दिसले की पहिल्यांदा पुढच्या महिन्याचं पान बघतो, मग कंपनीच्या जुन्या सूचना शेवटपर्यंत वाचतो. आणि तरी, भाव वर आणि सौदे खाली असं दिसलं की तसंच धडधडतं. कोणाला फोन करावासा वाटतो. करत नाही.

हे मी आधी तिला सांगायला हवं होतं. ते न करता इथे लिहितोय, हाही पळपुटेपणाच आहे. बहिणीचं मी देणं लागतो ते असं: तिने फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर, आणि त्या दुपारी तिने विकलं असतं तर तिच्या हातात आले असते तेवढे पैसे. दोन्ही अजून दिलेले नाहीत.